ठिपक्यांची ओळख : रडारच्या पडद्यापासून गर्दीच्या चित्रफितीपर्यंत

चित्रफितीत एकाच वेळी हालणाऱ्या अनेक वस्तूंचा माग काढणे, म्हणजे प्रत्येक वस्तूला एक क्रमांक देऊन ती क्षणोक्षणी कोठून कोठे गेली याची सलग नोंद संगणकाने ठेवणे, हा विषय आज संगणकीय दृष्टी या ज्ञानशाखेत शिकवला जात असला, तरी त्याचा जन्म कॅमेऱ्यापाशी झालेला नाही. तो रडारच्या पडद्यावर जन्मला, पाण्याखालच्या ध्वनिवेधात वाढला आणि काही दशकांनी चौकाचौकांतल्या कॅमेऱ्यांपर्यंत पोचला. या प्रवासात यंत्राचे डोळे अनेकदा बदलले, मूळ अडचण मात्र तीच राहिली. एका क्षणी दहा वस्तू दिसल्या आणि पुढच्या क्षणी पुन्हा दहा दिसल्या, तर आत्ताची कोणती वस्तू म्हणजे मघाची कोणती, हे त्या दोन चित्रांपैकी एकातही लिहिलेले नसते. ते ताडून ठरवावे लागते. जुन्या आणि नव्या नोंदींची अशी जोड लावण्याला प्रस्तुत लेखात ‘सांगड’ म्हटले आहे. ही सांगड कशाच्या आधारे घालावी, आणि त्याहून बिकट म्हणजे, ती तत्काळ घालावी की आणखी पुरावा हाती येईपर्यंत निर्णय राखून ठेवावा, या पेचाभोवती या विद्येचा इतिहास फिरत राहिला आहे.

हा पेच प्रथम माणसांनी हाताने सोडवला. १९४० साली जर्मन विमानांचे हल्ले सुरू असताना इंग्लंडच्या किनाऱ्यावरील ‘चेन होम’ या रडारकेंद्रांच्या साखळीकडून येणाऱ्या खबरा लंडनजवळच्या बेंटली प्रायरी येथील लढाऊ विमानदलाच्या मुख्यालयात टेलिफोनवरून येत असत आणि तेथील ‘फिल्टर रूम’ नावाच्या दालनात एका मोठ्या नकाशावर मांडल्या जात असत. या रडारला विमानाचे अंतर बऱ्यापैकी अचूक कळे, पण दिशा ढोबळच कळे. त्यामुळे शेजारच्या दोन केंद्रांनी एकाच विमानपथकाची खबर दिली तरी नकाशावर ती दोन वेगळ्या जागी पडत असे. ही एकच तुकडी की दोन, आणि दोन मिनिटांपूर्वी ज्या तुकडीला अमुक क्रमांक दिला होता तीच ही का, हे टेबलाभोवती उभ्या असलेल्या फिल्टर अधिकाऱ्यांनी आणि महिला सहायक हवाई दलातील तरुणींनी काही सेकंदांत ठरवायचे होते. विमान आकाशात दिसणे हे रडारचे काम होते. त्याला ओळख देऊन ती टिकवणे हे या दालनाचे. पुढे यंत्रांकडे सोपवली गेलेली कामाची विभागणी येथे पूर्णपणे तयार झालेली दिसते, आणि म्हणून या इतिहासाचा आरंभ संगणकाच्या आधी मानणे रास्त ठरते.

महायुद्धानंतर अमेरिकेने हेच काम संगणकाकडे देण्याचा घाट घातला. एप्रिल १९५१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील ‘व्हर्लविंड’ या संगणकाने रडारकडून आलेली माहिती वापरून एका विमानाला दुसऱ्या विमानाच्या रोखाने नेण्याचे प्रात्यक्षिक करून दाखवले. त्यातून लिंकन प्रयोगशाळेच्या पुढाकाराने ‘सेज’ ही हवाई संरक्षणयंत्रणा उभी राहिली आणि १९५८ साली तिचे पहिले केंद्र कामाला लागले. सेजच्या पडद्यासमोर बसलेला सैनिक हातातली ‘लाइट गन’, म्हणजे प्रकाश टिपणारे पिस्तुलासारखे साधन, एखाद्या ठिपक्यावर धरून कळ दाबत असे आणि त्या ठिपक्याचा माग ठेवण्यास संगणकाला सांगत असे. त्यानंतर संगणक त्या विमानाच्या आजवरच्या वेगावरून रडारच्या पुढच्या फेरीत ते कोठे असेल याचा अंदाज बांधी आणि त्या जागेच्या आसपास जो ठिपका सापडेल तो त्या विमानाचा मानी. विमाने एकमेकांपासून दूर असताना ही रीत ठीक चाले. पण दोन विमाने जवळून गेली, किंवा ढग, पक्ष्यांचे थवे यांच्यामुळे खोटे ठिपके उमटले, की ‘जवळचा तो आपला’ हा नियम फसे आणि सैनिकाला पुन्हा मध्ये पडावे लागे.

अंदाज बांधण्याची कृती शास्त्रशुद्ध पायावर आणली ती रुडॉल्फ कालमन या बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या अमेरिकन गणितज्ञाने. १९६० साली, बॉल्टिमोर येथील एका संशोधनसंस्थेत असताना, त्याने प्रसिद्ध केलेली रीत ‘कालमन फिल्टर’ म्हणून ओळखली जाते. तिचे सार असे की हलणाऱ्या वस्तूच्या स्थितीबरोबर त्या स्थितीविषयीच्या अनिश्चिततेचाही हिशेब ठेवावा. प्रत्येक टप्प्यावर आधी गतीच्या नियमानुसार भाकीत करावे, मग प्रत्यक्ष मापन आले की भाकीत आणि मापन यांपैकी ज्यावर अधिक विश्वास ठेवता येईल त्याला अधिक वजन देऊन दोहोंचा मेळ घालावा. मापन आलेच नाही, तर भाकितावर काम चालवावे, मात्र अनिश्चितता वाढली असे मानावे. अपोलो मोहिमेच्या दिशादर्शनात ही रीत वापरली गेली आणि तिचा दबदबा वाढला. तथापि कालमन फिल्टर हे गृहीत धरून चालतो की आलेले मापन त्याच वस्तूचे आहे. ते कोणाचे हे ठरवण्याचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा होता.

त्या दुसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर रडारशी काडीचाही संबंध नसलेल्या ठिकाणी तयार झालेले होते. १९५३ साली हॅरल्ड कून हा तरुण गणितज्ञ अमेरिकेतील ब्रिन मॉर महाविद्यालयात होता. माणसे आणि कामे यांची अशी वाटणी करायची की एकूण गुणवत्ता सर्वाधिक भरावी, या ‘नेमणुकीच्या प्रश्ना’ने त्याला पछाडले होते. देनेश क्यॉनिग यांचा आलेख-सिद्धान्तावरील ग्रंथ वाचताना एका तळटीपेत त्याला येनो एगेरवारी यांच्या १९३१ सालच्या एका निबंधाचा उल्लेख आढळला. निबंध हंगेरियनमध्ये होता. कूनने शेजारच्या हॅवरफर्ड महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून हंगेरियन शब्दकोश आणि व्याकरण आणले, निबंध समजण्यापुरती ती भाषा स्वतःच शिकून घेतली आणि त्याचे भाषांतर केले. त्यातून निघालेली रीत त्याने १९५५ साली प्रसिद्ध केली आणि दोन्ही पूर्वसूरींचे ऋण मान्य करत तिला ‘हंगेरियन पद्धती’ असे नाव दिले. पुढे, २००६ च्या सुमारास, असे उजेडात आले की १८५१ मध्ये निवर्तलेला जर्मन गणितज्ञ याकोबी याने हीच रीत शोधून काढली होती आणि ती त्याच्या मृत्यूनंतर लॅटिनमध्ये छापलीही गेली होती.

या पद्धतीचे महत्त्व लहानशा उदाहरणातही दिसते. समजा, क आणि ख या दोन वस्तूंचा माग चालू आहे आणि नव्या फ्रेममध्ये, म्हणजे चित्रफितीतल्या पुढच्या स्थिर चित्रात, दोन नोंदी मिळाल्या आहेत. क च्या भाकित जागेपासून पहिली नोंद २ एकके आणि दुसरी ३ एकके दूर आहे. ख पासून पहिली ३ आणि दुसरी १० एकके दूर आहे. प्रत्येक टप्प्यावर सर्वांत जवळची जोडी उचलत गेल्यास क ला पहिली नोंद मिळते, ख च्या वाट्याला नाइलाजाने दुसरी येते आणि एकूण अंतर १२ होते. क ने आपली जवळची नोंद सोडून दुसरी घेतली, तर ख ला पहिली मिळते आणि एकूण अंतर अवघे ६ भरते. सर्वांचा विचार एकत्र केल्याशिवाय हा लाभ दिसत नाही, आणि सर्व शक्यता तपासत बसणेही परवडत नाही, कारण १२ वस्तू आणि १२ नोंदी यांच्या जोड्या ४७ कोटी ९० लाखांहून अधिक प्रकारे लावता येतात. हंगेरियन पद्धती एवढ्या वाटा न तुडवता सर्वोत्तम जोडणीपर्यंत नेते. १९५७ साली जेम्स मंक्रेस याने तिला लागणाऱ्या पायऱ्यांची संख्या आटोक्यात राहते हे सिद्ध केले.

मात्र आकाशाचे निरीक्षण करणाऱ्यांपुढील प्रश्न नेमणुकीच्या प्रश्नापेक्षा अधिक घोळाचा होता, कारण तेथे माणसे किती आणि कामे किती हेच ठाऊक नसते. विमान रडारच्या टप्प्यात येते, जाते, एखाद्या फेरीत दिसतच नाही, आणि काही ठिपके मुळात कोणाचेच नसतात. रॉबर्ट सिटलर याने १९६४ साली या सर्व शक्यतांना संभाव्यतेच्या गणितात बसवले आणि संशयास्पद प्रसंगी मागाला फाटे फुटू देऊन पुढील पुराव्यावरून त्यांपैकी अशक्य ते छाटावेत, असा मार्ग दाखवला. पुढे दोन पंथ झाले. याकोव बार-शालोम आणि एडिसन त्से यांनी १९७५ साली मांडलेल्या रीतीत निवड करण्याचेच टाळले जाते: आसपासच्या प्रत्येक नोंदीला ती आपली असण्याच्या शक्यतेइतके वजन देऊन सर्वांची भारित सरासरी घेतली जाते. थॉमस फोर्टमन आणि बार-शालोम यांनी सहकाऱ्यासह ही कल्पना अनेक लक्ष्यांसाठी वाढवली आणि ती सोनारवर, म्हणजे पाण्यातील ध्वनिलहरींवरून पाणबुड्यांसारखी लक्ष्ये शोधण्याच्या कामी लावली. ही रीत तत्काळ उत्तर देते. परंतु दोन लक्ष्ये बराच काळ जवळजवळ चालली, की दोघांच्या सरासरी एकमेकींकडे ओढल्या जातात आणि दोन माग एकाच रेषेवर येऊन बसतात.

दुसरा पंथ डोनाल्ड रीड याचा. लॉकहीड कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत काम करताना त्याने १९७९ साली प्रसिद्ध केलेला निबंध या विषयातील सर्वांत धाडसी लेखन म्हणावा लागेल. त्याचे म्हणणे असे की प्रत्येक नवी नोंद ही जुन्या एखाद्या लक्ष्याची असेल, नव्या लक्ष्याची असेल किंवा खोटी असेल. तर या सर्व शक्यतांचे जितके सुसंगत मेळ बसतात तितके सगळे ‘गृहीतक’ म्हणून सांभाळावेत आणि काळ पुढे जाईल तसा त्यांचा निवाडा होऊ द्यावा. गणिताने हे निर्दोष आहे, पण त्याची किंमत भयंकर आहे. दोन लक्ष्ये आणि दोन नोंदी एवढ्याच माहितीतून १४ गृहीतके निघतात. पुढच्या फेरीत पुन्हा दोनच नोंदी आल्या तर त्यांची संख्या २६२ होते, आणि त्यानंतर ती मोजण्यात अर्थ उरत नाही. म्हणून रीडने क्षीण गृहीतके छाटण्याच्या, सारखी दिसणारी एकत्र करण्याच्या आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या लक्ष्यांचे गट वेगळे सोडवण्याच्या युक्त्याही त्याच निबंधात दिल्या. निर्णय राखून ठेवण्याचे तत्त्व येथे प्रथमच पूर्ण रूपात उभे राहिले. त्या काळच्या संगणकांना ते झेपणारे नव्हते, पण म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

याच सुमारास मानसशास्त्रज्ञांनी माणसाची या बाबतीतली क्षमता मोजली. झेनॉन पिलिशिन आणि रॉन स्टॉर्म यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पडद्यावर अगदी सारख्या दिसणाऱ्या दहा खुणा मनमानी फिरत असत, त्यांपैकी सुरुवातीला दाखवून दिलेल्या काहींवर लक्ष ठेवायला सांगितले जाई. माणसांना पाचपर्यंत खुणांचा माग एकाच वेळी ठेवता येतो, असे आढळले. पहारेकऱ्यासमोर डझनभर पडदे मांडणाऱ्या संस्थांना या निष्कर्षातून पुष्कळ काही शिकता आले असते.

रडारची ही विद्या चित्रफितीकडे वळली ती १९९० च्या दशकात, आणि तेथे तिला नव्याच संकटाशी सामना करावा लागला. रडार निदान ठिपके तरी देते. कॅमेरा लाखो रंगबिंदू देतो आणि त्यांत वस्तू कोठे आहे हे आधी शोधावे लागते. इंगेमार कॉक्स आणि सुनीता हिंगोरानी यांनी १९९६ साली रीडची रीत चित्रांतील कोपऱ्यांच्या बिंदूंना लावून दाखवली. गृहीतकांचा स्फोट आवरण्यासाठी त्यांनी कट्टा मूर्ती या भारतीय वंशाच्या गणितज्ञाची १९६८ सालची रीत वापरली, जी सर्वोत्तम जोडणी, मग दुसरी, मग तिसरी, अशा क्रमाने हव्या तेवढ्याच जोडण्या काढून देते. ऑक्सफर्डमध्ये मायकेल इसार्ड आणि अँड्र्यू ब्लेक यांनी त्याच वर्षी वेगळा मार्ग चोखाळला: वस्तूच्या स्थितीविषयीचे शेकडो अंदाज कणांसारखे पसरवून द्यायचे आणि चित्राशी जुळणारे टिकवून बाकीचे टाकून द्यायचे. एका वस्तूसाठी ही रीत उत्तम होती, पण दोन सारख्या वस्तू जवळ आल्या की दोघींचे कण अधिक स्पष्ट दिसणाऱ्या एकीलाच जाऊन चिकटत. म्हणून १९९९ साली जॉन मॅककॉर्मिक आणि ब्लेक यांना चित्रातील एकच पुरावा दोघींच्या खाती मांडता येणार नाही, असा नियम गणितात घालावा लागला. नेमणुकीच्या प्रश्नातली एकास एक ही अट अशा रीतीने पुन्हा दाराशी आली.

रस्त्यांवर आणि आवारांत बसवलेल्या स्थिर कॅमेऱ्यांसाठी त्या काळात सर्वाधिक चालली ती पार्श्वभूमी वजा करण्याची रीत. ख्रिस स्टॉफर आणि एरिक ग्रिमसन यांनी १९९९ साली प्रत्येक रंगबिंदूपाशी साधारणपणे कोणकोणते रंग दिसतात याचा चालता हिशेब ठेवला, ज्यामुळे हलणारी पाने किंवा बदलते ऊन पार्श्वभूमीत जिरून जाई आणि नवे काही आले तर ते उठून दिसे. जे उठून दिसे तो मात्र एक बिनचेहऱ्याचा डाग असे. दोन माणसे खांद्याला खांदा लावून चालली की दोन डागांचा एक होई, आणि वेगळी झाली की कोणता डाग कोणाचा याचा पत्ता नसे.

ही कोंडी फोडली ती ‘आधी ओळखा, मग जोडा’ या धोरणाने. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे नवनीत दलाल आणि बिल ट्रिग्ज यांनी २००५ साली चित्रातील कडांच्या दिशांची मोजदाद करून उभा माणूस ओळखणारी रीत मांडली, आणि प्रत्येक फ्रेममध्ये माणसाभोवती आयताकृती चौकट आखणारे ‘डिटेक्टर’ भरवशाचे होऊ लागले. चौकट मिळताच चित्रफितीचा प्रश्न पुन्हा रडारच्या प्रश्नासारखा झाला: ठिपक्यांच्या जागी चौकटी, आणि सांगड तीच. फरक एवढाच की चित्रफीत साठवलेली असल्यास पुढचे-मागचे सगळे एकत्र पाहता येते. या सवडीचा सर्वांत देखणा उपयोग ली झांग, युआन ली आणि रमाकांत नेवाटिया यांनी २००८ साली केला. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर असलेल्या नेवाटिया यांचा दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील गट या विषयात अग्रेसर होता. त्यांनी संपूर्ण चित्रफीत एका जाळ्याच्या रूपात मांडली: प्रत्येक चौकट ही जाळ्यातील एक गाठ, दोन चौकटी एकाच माणसाच्या असण्याची शक्यता ही त्यांच्यामधल्या वाटेची किंमत, एका टोकाला प्रवेश आणि दुसऱ्या टोकाला निर्गमन. या जाळ्यातून सर्वांत कमी खर्चाचा प्रवाह वाहू दिला, की प्रवाहाची प्रत्येक धार म्हणजे एका माणसाचा माग, आणि धारा किती हेही गणितच ठरवते. रीडने ज्या शक्यतांच्या अरण्यात पाऊल टाकले होते त्याच्या एका मोठ्या भागाला येथे निश्चित आणि लवकर मिळणारे उत्तर सापडले. त्यासाठी दिलेली किंमत अशी की वाटेची किंमत शेजारच्या दोन चौकटींवरूनच ठरते, त्यामुळे माणूस सरळ चालत होता की अचानक मागे फिरला यासारखी लांब पल्ल्याची जाण या मांडणीत मावत नाही. शिवाय चित्रफीत संपेपर्यंत थांबण्याची सवड रस्त्यावरच्या वाहनाला नसते.

या काळातील संशोधकांची परीक्षा घेणारी एक चित्रफीत जवळून पाहण्याजोगी आहे. २००९ साली इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या आवारात मुद्दाम फिरायला लावलेल्या माणसांचे चित्रण करून ते जगभरच्या गटांना तुलनेसाठी देण्यात आले. त्यातील सर्वांत वापरली गेलेली फीत अवघ्या ७९५ फ्रेमची, सेकंदाला सात फ्रेम या वेगाची, म्हणजे दोन मिनिटांहूनही छोटी आहे. चित्राच्या मध्यावर एक खांब आहे. माणसे त्याच्या मागून जातात, काही क्षण झाकली जातात आणि पलीकडून बाहेर येतात; कधी दोघे विरुद्ध दिशांनी तेथे पोचतात, तर कधी कोणी आडोशापाशी रेंगाळून वळतो. खांबाच्या मागे गेलेला माणूस त्याच वेगाने चालत राहील असे मानले तर बहुतेक वेळा उत्तर बरोबर येते, आणि तो वळला तर दोन माणसांचे क्रमांक आपसांत बदलतात. शंभरावर शोधनिबंधांनी ज्यावर कस लावला त्या दृश्यात याहून नाट्यमय काही नाही.

निकालांची तुलना करायची तर एक माप हवे. केनी बर्नार्डिन आणि रायनर श्टीफेलहागेन यांनी २००८ साली सुचवलेले ‘मोटा’ हे माप हुकलेल्या वस्तू, खोट्या चौकटी आणि ओळखीच्या अदलाबदली यांची बेरीज करून तिला खऱ्या वस्तूंच्या एकूण संख्येने भागते आणि तो भागाकार १ मधून वजा करते. ते सोपे होते आणि रूढ झाले, पण त्यात एक खोट आहे. एक माणूस ६०० फ्रेम सतत दिसला आणि मध्यावर एकदाच त्याचा क्रमांक बदलला, तर मोटा ९९.८ टक्के गुण देते, कारण चूक ६०० मध्ये एकदाच झाली. प्रत्यक्षात त्या माणसाचा निम्मा प्रवास परक्याच्या नावे लागलेला असतो. एर्गिस रिस्तानी, कार्लो तोमासी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडलेले ‘आयडीएफ-१’ हे माप अशाच प्रसंगी ५० टक्के गुण देते. पुढे जोनाथन लुइटेन आणि सहकाऱ्यांनी ‘होटा’ या मापात वस्तू सापडण्याची आणि सांगड लागण्याची अचूकता वेगवेगळी काढून दोहोंना समान मान दिला. मापाचा हा वाद वरवर कोरडा वाटतो, परंतु संशोधकांनी कशावर मेहनत घ्यावी हे मापच ठरवत असल्याने एक संपूर्ण दशक डिटेक्टर सुधारण्याकडे झुकले, याचे बरेचसे कारण मोटामध्ये आहे.

लाउरा लेआल-ताइशे, अँटोन मिलान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली ‘मॉट चॅलेंज’ ही सामायिक कसोटी मांडली, तेव्हा तुलनेला शिस्त आली. २२ चित्रफितींपैकी निम्म्यांची खरी उत्तरे आयोजकांनी स्वतःजवळ ठेवली आणि सर्व स्पर्धकांना त्याच तयार चौकटी पुरवल्या, जेणेकरून सांगडीचे कौशल्यच मोजले जावे. २०२० सालच्या संचात तर काही दृश्यांत एका फ्रेममध्ये सरासरी २४६ पादचारी असण्याइतकी दाटी होती.

मॉट चॅलेंजच्या कसोटीवर २०१६ साली जे घडले ते या इतिहासातील कलाटणी देणारे प्रकरण आहे. तोवर रीती अधिकाधिक गुंतागुंतीच्या होत चालल्या होत्या. अशा वेळी क्वीन्सलँड तंत्रविद्यापीठातील अ‍ॅलेक्स ब्युली आणि सहकाऱ्यांनी ‘सॉर्ट’ नावाची रीत मांडली, जिच्यात दोनच जुने भाग होते: १९६० चा कालमन फिल्टर आणि १९५५ ची हंगेरियन पद्धती. प्रत्येक माणसासाठी चौकटीचे केंद्र, क्षेत्रफळ, लांबी-रुंदीचे प्रमाण आणि यांपैकी पहिल्या दोहोंच्या बदलाचा वेग एवढीच माहिती ठेवायची. भाकित चौकट आणि नवी चौकट एकमेकींवर किती चढतात हे मोजायचे. आणि त्यावरून जोड्या लावायच्या. रंगरूप पाहायचे नाही, मागे वळून निर्णय बदलायचा नाही, आणि माणूस दिसेनासा झाला की त्याचा माग लगेच बंद करायचा. ही रीत सेकंदाला २६० फ्रेम हाताळत असे, म्हणजे समकालीन रीतींच्या वीसपट वेगाने, आणि गुणांतही ती त्यांच्या बरोबरीने उभी राहिली. तिचे रहस्य डिटेक्टरमध्ये होते. २०१२ नंतर अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कने चित्रओळखीत क्रांती केली होती आणि २०१५ मध्ये आलेला ‘फास्टर आर-सीएनएन’ हा डिटेक्टर सॉर्टने वापरला होता. डिटेक्टर बदलण्यानेच निकाल १८.९ टक्क्यांपर्यंत सुधारतो, असे लेखकांनी स्वतःच नोंदवले. डोळा पुरेसा तीक्ष्ण असेल तर सेजच्या काळातली तत्काळ सांगडही पुष्कळ दूर नेते, हे त्यातून दिसले. सॉर्टची उणीव उघड होती: खांबामागे गेलेला माणूस बाहेर येताच तिला नवा माणूस वाटे. निकोलाई वोयके याने ब्युलीसह २०१७ साली त्या रीतीत माणसाच्या रूपाची संख्यात्मक ठेवण साठवणारे न्यूरल नेटवर्क जोडले आणि ओळखीच्या अदलाबदली ४५ टक्क्यांनी घटल्या.

रूपावरून माणूस ओळखणारी यंत्रे शिकवायची तर माणसांची चित्रे लागतात, आणि ती कोणाची, कोणाच्या संमतीने, हा प्रश्न या शाखेने फार उशिरा विचारला. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या आवारात २०१४ साली आठ कॅमेऱ्यांनी केलेल्या चित्रणात दोन हजारांहून अधिक माणसे होती, बहुतांशी आपापल्या वर्गांकडे चाललेले विद्यार्थी. हा संच २०१६ मध्ये, आयडीएफ-१ या मापासोबतच, खुला करण्यात आला आणि जगभर पसरला. चित्रण आणि वाटप मंजूर अटींना धरून झाले नव्हते, हे पुढे आल्यावर २०१९ साली तो मागे घेतला गेला आणि तोमासी यांनी विद्यापीठाच्या विद्यार्थी-वृत्तपत्रातून जाहीर माफी मागितली. त्या माफीचे श्रेय त्यांना द्यायला हवे. परंतु उतरवून घेतलेल्या प्रती कोणालाही परत मागता आल्या नाहीत. २०२० मध्ये ‘योलो’ या अतिशय लोकप्रिय डिटेक्टरचा जनक जोसेफ रेडमन याने लष्करी वापर आणि खासगीपणावरील आक्रमण यांचे कारण देऊन संगणकीय दृष्टीतले संशोधनच थांबवल्याचे जाहीर केले. माणसांना क्रमांक देऊन त्यांचा माग ठेवणारी विद्या युद्धाच्या दालनात जन्मली होती, हे अशा वेळी आठवते.

त्यानंतरच्या घडामोडी वेगाने झाल्या. २०२१ मध्ये आलेल्या ‘बाइटट्रॅक’ या रीतीने एक साधी गोष्ट हेरली: डिटेक्टर ज्या चौकटींविषयी साशंक असतो त्या आजवर फेकून दिल्या जात, पण अर्धवट झाकलेली माणसे नेमकी त्यांतच असतात. म्हणून तिने आधी खात्रीच्या चौकटी जुळवल्या आणि उरलेल्या मागांसाठी शंकास्पद चौकटी दुसऱ्या फेरीत वापरल्या. पादचाऱ्यांच्या कसोटीवर तिला होटामध्ये ६३.१ गुण मिळाले. २०२२ साली ‘डान्सट्रॅक’ हा नवा संच आला, ज्यातील नर्तक एकाच पोशाखात असतात, जागा बदलतात, गिरक्या घेतात आणि एकमेकांआड जातात. त्यावर त्याच रीतीचे गुण ४७.७ वर आले, आणि सांगडीच्या अचूकतेपुरते पाहिले तर ३२.१ वर. नर्तक सापडत होते. कोणता कोण हे कळत नव्हते. पोशाख सारखा असल्याने रूपाचा आधार गेला होता आणि वस्तू एकाच वेगाने पुढे जात राहते हे गृहीत नाचणाऱ्यांनी मोडीत काढले होते.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील जिनकुन काओ आणि सहकाऱ्यांनी या अपयशाचे कारण कालमन फिल्टरच्या वापरात शोधले. वस्तू झाकलेली असताना फिल्टर आपल्याच भाकितांवर विसंबून राहतो, प्रत्येक फ्रेममागे चूक साचत जाते, आणि वस्तू पुन्हा दिसते तेव्हा भाकित जागा खऱ्या जागेपासून भरकटलेली असते. त्यांच्या ‘ओसी-सॉर्ट’ या रीतीत वस्तू पुन्हा सापडताच शेवटची खरी नोंद आणि नवी खरी नोंद यांच्यामध्ये एक आभासी वाट आखली जाते, फिल्टरला मागे नेऊन त्या वाटेवरून पुन्हा चालवले जाते आणि झाकलेल्या काळात साचलेली चूक पुसून मग पुढचे भाकीत केले जाते. दरम्यानच्या फ्रेममध्ये काढलेला निष्कर्ष त्यामुळे तात्पुरता ठरतो आणि नंतर आलेल्या पुराव्यावरून सुधारला जातो. रीडने १९७९ साली शेकडो गृहीतके सांभाळून जे साधू पाहिले होते त्याचा एक अंश येथे एकाच गृहीतकात, साध्या संगणकावर सेकंदाला शेकडो फ्रेमच्या वेगाने, साधला गेला आहे.